पावणेआठ सेकंदांचं वर्ष

पाडव्याच्या संध्याकाळी काढलेला पहिलाच फोटो पट्ट्यापट्ट्यांचा आला. गुढी उतरवून झाली होती. धाकटी तेव्हा सव्वा वर्षाची. साखरेची गाठी गळ्यात घालून स्वयंपाकघरात नाचत होती. तिचे हातपाय पुसट येऊ नयेत म्हणून मी फोनच्या प्रो मोडमध्ये शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर नेलं, फोन आडवा धरला आणि बटण दाबलं. पोरगी लख्ख आली. गाठीतलं पदकन्‌पदक मोजता येत होतं. पण फोटोभर तीन करडे आडवे पट्टे पडले होते, त्यातला एक नेमका तिच्या कपाळावरून गेलेला. मान वर करून पाहिलं तर भिंत एकसारखी उजळलेली, पट्ट्याचा मागमूस नाही.

फोन बिघडलेला नव्हता. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. प्रत्येक आवर्तनात प्रवाह एकदा या दिशेने चढून उतरतो, एकदा उलट दिशेने. त्यामुळे जुन्या, चोक लावलेल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदात १०० वेळा भरतो आणि १०० वेळा ओसरतो. डोळ्याला ही भरती-ओहोटी कळत नाही. तो सगळं मिसळून त्याचा एकच शांत पांढरा उजेड करून टाकतो. फोनचा सेन्सर मात्र चित्र एका दमात टिपत नाही. तो ओळीओळीने वाचत जातो, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला त्याला सेकंदाचा तिसावा भाग सहज लागू शकतो. तेवढ्यात ट्यूब तीनदा ओसरलेली असते. ज्या ओळी ओहोटीच्या क्षणी वाचल्या गेल्या, त्या करड्या. शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेवलं की प्रत्येक ओळीच्या वाट्याला पुऱ्या लाटा येतात आणि पट्टे जातात, हे मी नंतर शिकले. त्या संध्याकाळी मी नुसती बघत राहिले. त्याच ट्यूबखाली मी रोज पोळ्या लाटते, आणि ती अशी लुकलुकते हे मला लेकीच्या कपाळावर वाचायला मिळालं.

रोज एक फोटो, वर्षभर. जगभर हौशी माणसं असा संकल्प बहुधा १ जानेवारीला सोडतात आणि ३६५ फोटोंवर पुरा करतात. मी पाडव्याला धरला, ते घरात नेम धरायची रीत आहे म्हणून. सासूबाई चातुर्मासात रोज देवापुढे ३३ गोपद्मं काढतात. नेम म्हणजे काय ते मी त्यांच्याकडून पाहिलेलं. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत, असं मी मनाशी म्हटलं आणि मोजायचं राहून गेलं. चार दिवसांनी सहज हिशेब केला. २२ मार्च २०२३ ते ९ एप्रिल २०२४ : पाडवा ते पाडवा ३८४ दिवस. चंद्राचे बारा महिने मिळून ३५४ दिवसच होतात, म्हणजे सूर्याच्या वर्षाला ते ११ दिवस कमी पडतात. ही तूट साठत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी पंचांग एक अख्खा महिना जास्त घालून ती भरून काढतं. माझ्या वर्षात तो अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. लोकांच्या नेमापेक्षा माझा नेम १९ दिवसांनी लांबला, आणि ते दिवस चंद्राने सूर्याला परत केलेल्या उसनवारीतले होते. मला ही गोष्ट इतकी आवडली की ३६५वर थांबायचा विचारही मनात आला नाही.

पुण्यातल्या या घरात आम्ही पाच जण. मी एका बँकेत, नवरा चाकणला शिफ्टमध्ये, थोरला त्या जूनमध्ये पहिलीत गेला, धाकटीचं वर सांगितलंच. पाचव्या सासूबाई, ज्यांच्याशिवाय या घराचा दिवस सुरूच होत नाही.

नेम दहाव्याच दिवशी मोडला. ३१ मार्च, बँकेची वर्षअखेर. घरी आले तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता, मुलं झोपलेली, तारीख उलटलेली. जिना चढताना मला रडू येत होतं. कामाने नव्हे, त्या फोटोने. सासूबाई जाग्याच होत्या. त्यांनी ताट वाढलं, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, उद्या दोन काढ. गोपद्मं राहिली की मी दुसऱ्या दिवशी सहासष्ट काढते."

पुढे कधीतरी वाचनात आलं की त्यांचं म्हणणं प्रयोगालाही उतरलेलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एखादी नवी सवय लावून घ्यायला सांगितलं आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं. २०१० मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला : मधला आकडा ६६ दिवस, पण कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यात म्हणावा असा फरक पडत नाही. सवय ठरावीक खुणेला बांधलेली मात्र हवी : न्याहारी झाली की, चूळ भरली की, असं काहीतरी.

हे वाचण्याआधीच, नेम मोडल्यावर लगेच, मी फोटो दुधाला बांधला होता. सकाळी पावणेआठला दूध गॅसवर चढतं आणि उतू जाण्याआधीची चार-पाच मिनिटं मला ओट्यापासून हलता येत नाही. याआधी ती मिनिटं मी फोनवरचे निरोप वाचण्यात घालवत असे. आता त्याच फोनने बघायला लागले. डबा भरताना सांडलेली मोहरी, गणवेशाची उलटी घातलेली बटणं, चहाच्या गाळणीतून निघणारी वाफ, ओट्याखाली बसून भांड्यांचे मनोरे रचणारी धाकटी. फोटोला जो वेळ लागतो तो बहुतेक बघण्यातच जातो. टिपण्याला काहीच लागत नाही. सरासरी सेकंदाचा पन्नासावा भाग धरला तर ३८४ फोटोंचे मिळून ७.६८ सेकंद होतात. सव्वातीन कोटींहून जास्त सेकंदांच्या त्या वर्षातला पावणेआठ सेकंदांचाही उजेड माझ्या फोनमध्ये नाही.

पण रोज एकाच वेळी, एकाच जागी उभं राहिल्याने मला जे दिसलं त्याची मी कल्पनाही केली नव्हती. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. खिडकीकडे तोंड केलं की उजवीकडे, दक्षिणेच्या भिंतीला ओटा, डावीकडे फ्रिज, आणि पाठीमागे दार. सुरुवातीला पावणेआठचं ऊन दाराच्या चौकटीच्या आसपास पडत होतं. एप्रिलमध्ये ते ओट्याच्या दिशेने निघालं. आठवड्याचे सात फोटो एकापुढे एक सरकवले की उन्हाचा तुकडा जवळजवळ वीतभर हललेला दिसे. पुण्याच्या अक्षांशावर वर्षभरात सूर्य उगवायची जागा क्षितिजावर खऱ्या पूर्वेच्या डावी-उजवीकडे सुमारे २५-२५ अंश सरकते, म्हणजे एकूण जवळपास ५० अंश. ही चाल सारखी नसते. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास सूर्य रोज जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका बाजूला उगवतो. जून आणि डिसेंबरच्या एकवीस तारखेच्या सुमारास तो जागच्या जागी थबकल्यासारखा होतो. जूनच्या सुरुवातीला ऊन ओट्यावर, पोळपाटापर्यंत पोचलं, आणि मग पावसाने पडदा ओढला. पुन्हा स्वच्छ दिसलं तेव्हा ते परत निघालेलं होतं. वळण ढगांमागे पार पडलं. दिवाळीत ते दार ओलांडून डाव्या भिंतीवर आलं आणि डिसेंबरात फ्रिजच्या दारावर, थोरल्याच्या शाळेच्या वेळापत्रकावर स्थिरावलं. या घरात आम्ही सात वर्षं राहतो. ऊन घरभर फिरून जातं हे सात वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पावसाळ्यातल्या फोटोंबद्दल मी सुरुवातीला नाराज होते. हॉलभर दोऱ्या, दोऱ्यांवर गणवेश, फ्रिजमागे वाळत घातलेले मोजे, आणि उजेड राखाडी. मग जुलैतला थोरल्याचा एक फोटो मे महिन्यातल्या फोटोशेजारी ठेवला आणि थक्क झाले. मेमधल्या चेहऱ्यावर नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी. जुलैतल्या चेहऱ्यावर गालाची लव दिसत होती, डोळ्यांखालचा हळवा जांभळट रंग दिसत होता. आकाशात सूर्याची थाळी जेमतेम अर्धा अंश रुंद आहे. इतक्या चिमुकल्या दिव्याच्या सावल्या टोकदारच पडणार. ढग आले की अख्खं आकाश दिवा होतं, उजेड चहूबाजूंनी येतो आणि सावल्यांच्या कडा विरघळतात. स्टुडिओत पांढरी छत्री लावून जे करतात, ते सह्याद्रीवर चढून आलेला ढग चार महिने करत असतो.

या वर्षातला मला सर्वांत प्रिय असलेला फोटो मात्र कडक उन्हातला आहे. १३ मे, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावांवर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात ते मेच्या १३-१४ तारखेला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस घडतं. दुसरी खेप पावसात वाहून जाते, म्हणून पहिली पकडायची. दुपारी साडेबाराला आम्ही सगळे गच्चीत गेलो. बारा वाजता नव्हे, साडेबाराला, कारण आपलं घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशाचं आणि पुणे त्याच्या पश्चिमेला. सूर्याला तिथून इथपर्यंत यायला अर्धा तास लागतो. जमिनीवर पेला उपडा ठेवला, त्याची सावली नाहीशी झाली. गच्चीच्या कठड्यांच्या, पाण्याच्या टाकीच्या नळांच्या सावल्या आपापल्या पायात शिरल्या. थोरला स्वतःभोवती गोल गोल फिरून सावली शोधत होता. मग त्याने उडी मारली आणि ओरडला, "आई, उडालो की येते!" फोटोत तो हवेत आहे आणि त्याच्या बरोबर खाली, फरशीवर, त्याच्यापासून सुटलेला एक काळा ठिपका आहे.

सूर्याची आणि घड्याळाची जोडी वर्षभर जमत नाही, हेही मला फोटोंनीच दाखवलं. २२ डिसेंबर हा वर्षातला लहानात लहान दिवस. साहजिकच संध्याकाळ तेव्हाच सर्वांत लवकर होत असणार असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात पुण्यात सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होऊन जातो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर, संक्रांतीच्या आसपास असतो. डिसेंबरभर संध्याकाळ लांबत असते आणि सकाळही उशिरा होत जाते. दिवस संक्रांतीपासून तिळातिळाने मोठा होतो असं आपण म्हणतो, ते सकाळी लवकर उठणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर तंतोतंत खरं आहे. याचं कारण पृथ्वीच्या फिरण्यात आहे. तिचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा किंचित लंबगोल. जानेवारीत ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने धावते. त्यामुळे सूर्य नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटं पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १४ मिनिटं मागे. १९७८-७९ मध्ये अमेरिकेतल्या डेनिस डी चिको यांनी एक कॅमेरा खिडकीत पक्का बसवला आणि वर्षभर, ठरावीक दिवसांनी, सकाळच्या एकाच वेळी, एकाच फिल्मच्या चौकटीवर सूर्य टिपत गेले. वर्षाअखेरी आकाशात इंग्रजी आठचा लांबट आकडा उमटला. तो आकडा तिथे कायमच आहे. कुणीतरी एक वर्ष एका जागी थांबायचा अवकाश.

फोनबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ज्या वस्तूने हे सगळं दाखवलं तीच मला वर्षभर कोड्यात टाकत होती. सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू एकच रंग पाहतो. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेली रचना आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे : निम्म्या बिंदूंपुढे हिरवी काच, पाव बिंदूंपुढे लाल, उरलेल्या पाव बिंदूंपुढे निळी. हिरवा दुप्पट, कारण उजळ-अंधाराचा बारकावा आपला डोळा हिरव्याच्या आसपास सर्वांत नीट ओळखतो. म्हणजे धाकटीच्या लाल फ्रॉकमधल्या कोणत्याही एका बिंदूसाठी तीनपैकी एकच रंग मोजलेला आहे, बाकीचे दोन शेजाऱ्यांना विचारून ठरवलेले. शिवाय पुष्कळ फोन कॅमेरा उघडल्या क्षणापासून मनातल्या मनात चित्रं घेत असतात. आपण बटण दाबलं की जरा आधीची आणि त्या वेळची अशी कित्येक चित्रं एकावर एक ठेवून एक बनवतात. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, रात्रीच्या स्वयंपाकघरात दीडशे-दोनशे. पाचशेपट फरक. तरी रात्री जेवताना आपल्याला अंधारात बसल्यासारखं वाटत नाही, हे डोळ्याचं मोठेपण. फोनला ते जमवायला इतका खटाटोप करावा लागतो.

रोजच्या फोटोच्या या वाटेवर माझ्या आधी कोण कोण गेलं याचा शोध मी दुधाच्या नव्हे, रेल्वेगाडीतल्या वेळात घेतला. महिन्यातून दोनदा मुंबईला बैठक असे. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टनने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड काढायला सुरुवात केली. मी ज्या तारखेला चुकले, नेमकी ती तारीख. तेव्हा तो कॉलेजात होता आणि आपण रोज एकच काढतो आहोत हे त्याला काही आठवड्यांनी उमगलं. मग तो थांबला नाही. २५ ऑक्टोबर १९९७ ला, स्वतःच्या ४१व्या वाढदिवशी, तो कर्करोगाने गेला. तोवर साडेसहा हजारांहून जास्त फोटो झाले होते. शेवटचे रुग्णालयातले आहेत. मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या रानात जिम ब्रँडनबर्ग यांनी १९९४ च्या शरद ऋतूत ९० दिवस आणखी कठोर नेम पाळला : दिवसातून शटर एकदाच दाबायचं. आवडला नाही म्हणून दुसरा नाही.

आणि फिलिप कान. ११ जून १९९७, कॅलिफोर्नियातलं सांताक्रूझ, प्रसूतिगृह. बायको बाळंतकळा सोसत असताना या गृहस्थाने डिजिटल कॅमेरा, मोबाइल फोन आणि लॅपटॉप तारांनी एकमेकांना जोडले, आणि नुकत्याच जन्मलेल्या लेकीचा फोटो दोन हजारांहून जास्त लोकांना तिथूनच पाठवला. मोबाइलवरून असा तत्काळ पाठवलेला तो पहिला फोटो मानला जातो. आज माझ्या हातात जे आहे त्याचा उगम एका बापाच्या घाईत आहे, हे वाचून मला गाडीतच हसू फुटलं.

आईबापांच्या या ध्यासाला कॅमेऱ्याचीही गरज नव्हती. फ्रान्समध्ये फिलिबेर गेनो द मोंबेयार या सरदाराने आपल्या मुलाची उंची १७५९ मध्ये त्याच्या जन्मापासून १७७७ पर्यंत, साधारण दर सहा महिन्यांनी मोजून ठेवली. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी ते आकडे छापले, आणि मूल कसं वाढतं याचा तो पहिला सलग लेखाजोखा ठरला. आमच्याही दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. पुष्कळ फोटोंत त्या दिसतात, आणि त्यांच्यापुढे उभी असलेली धाकटी कित्येक आठवडे जिथल्या तिथे दिसते, मग अचानक रेघेच्या वर. मला वाटलं माझ्या फोनचा कोन बदलला असेल. १९९२ मध्ये मिशेल लॅम्पल यांनी ३१ बाळांची लांबी वारंवार मोजून हेच मांडलं होतं : बाळ रोज थोडं थोडं वाढत नाही. २ ते ६३ दिवस काहीच नाही, आणि मग एका झेपेत अर्धा ते अडीच सेंटिमीटर. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. एवढ्या बारीक मापात चूक होऊ शकते असं काहींचं म्हणणं आहे. पण "रात्रीत वाढली गं ही" असं सासूबाई म्हणतात, तेव्हा मी आता ते नुसतं कौतुक समजत नाही.

सहा महिने झाल्यावर एक शंका मनात घर करून बसली. फोटो काढता काढता मी बघायचं विसरत तर नाही? याचाही अभ्यास झालेला आहे. लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये दाखवलं की संग्रहालयात ज्या वस्तूंचे फोटो लोकांनी काढले, त्या वस्तू नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा त्यांना कमी आठवल्या. मात्र एखाद्या भागावर झूम करून काढलेल्या वस्तूंना ही घट लागली नाही. आणि २०१७ मध्ये दुसऱ्या एका गटाला आढळलं की काय टिपायचं ते आपण होऊन निवडलं तर डोळ्यांनी पाहिलेलं अधिक चांगलं आठवतं, पण कानांनी ऐकलेलं कमी. दिवसाला एकच फोटो काढायचा म्हणजे निवडणं आलंच. त्याने माझी शंका मिटली. कानांची गोष्ट मात्र रुतून राहिली.

मुलांच्या बाजूने तर हे वर्ष बहुतेक पुसलंच जाणार आहे. पॅट्रिशिया बॉवर आणि मरीना लार्किना यांनी तीन वर्षांच्या मुलांच्या आयांना मुलांशी घडून गेलेल्या प्रसंगांबद्दल बोलायला लावलं आणि त्याच प्रसंगांबद्दल मुलांना पुढे विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातले ६० टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ४० टक्क्यांहून कमी. आठवण असते आणि मग जाते. धाकटी तर तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. तिच्या गळ्यातल्या गाठीचा तो दिवस तिच्याकडे राहणार नाही, माझ्याकडे राहील.

आणि आवाज कुणाकडेच राहणार नाही. त्या वर्षी धाकटी पाण्याला 'पापी' म्हणत असे. "पापी दे" म्हणत ती हात पसरायची आणि तिचे बाबा तिचा मुका घ्यायचे, ती रागावून आणखी मोठ्याने ओरडायची, पुन्हा मुका. तहान लागलेली आहे हे आम्हाला आठवड्याने कळलं. मधेच कधीतरी 'पापी'चं 'पाणी' झालं. कधी, ते मला सांगता येत नाही. अमेरिकेत एमआयटीमधल्या देब रॉय यांनी २००५ मध्ये मुलगा जन्मल्यावर घराच्या छतांत कॅमेरे आणि मायक्रोफोन बसवले आणि तीन वर्षांत सुमारे ९०,००० तासांचं चित्रण आणि १,४०,००० तासांचं ध्वनिमुद्रण जमवलं. त्यांना त्यांच्या मुलाचं 'गागा' सहा महिन्यांत कसं हळूहळू 'वॉटर' झालं ते ओळीने ऐकता आलं. तोही पाणीच मागत होता.

८ एप्रिल २०२४, फाल्गुनी अमावास्या, ३८४वा दिवस. शेवटचा फोटो मी दुधाच्या वेळी काढला नाही, रात्रीसाठी राखून ठेवला. सगळे झोपल्यावर ट्यूब लावली, शटर शंभराव्या भागावर ठेवलं आणि उद्याच्या गुढीसाठी धुऊन पालथा घातलेला तांब्या टिपला. पट्टा एकही नाही. अकरा पन्नासच्या सुमारास अमावास्या संपून प्रतिपदा लागली. त्यानंतर वीस मिनिटांनी टेक्सासमधलं डलास भर दुपारी अंधारात गेलं. तिथे राहणाऱ्या मावसबहिणीने काळ्या सूर्याभोवतीच्या पांढऱ्या कड्याचा फोटो पाठवला. जो चंद्र नुकताच माझं वर्ष संपवून गेला होता, तोच तिच्या फोटोत सूर्यावर बसलेला होता.

मग मी जमिनीवर बसून फोनमध्ये मागे मागे गेले. एक फोटो शोधत होते आणि तो सापडला : दिवाळीनंतरचा एक रविवार, ऊन डाव्या भिंतीवर, धाकटी स्टीलचा रिकामा पेला माझ्याकडे धरून उभी. तोंडाने काहीतरी म्हणते आहे. मी फोटो मोठा केला. ओठ घट्ट मिटलेले आहेत. 'प' म्हणताना ओठ सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापुरते मिटतात. माझा फोटो पन्नासाव्या भागाचा, म्हणजे त्या मिटण्याच्या आत सहज मावणारा. ती 'प' म्हणते आहे एवढं नक्की. 'पापी'मधला दुसरा 'प' असेल तर ओठ मिटलेले दिसणार. 'पाणी' असेल तर जीभ टाळ्याला लागताना ओठ उघडे राहतात, पण त्याआधी, पहिल्या 'प'ला, तेही मिटतातच. मी फोटो आणखी मोठा केला. पेल्यात स्वयंपाकघराची खिडकी दिसते, खिडकीत फोन धरलेली मी दिसते.